दौलू काय म्हणतोय, नारायणा?

नारायणा,

आपल्या चित्रकथेचं तुझं शेवटचं पान दहा दिवस माझ्या टेबलावर पडून आहे आणि मला त्यातलं काहीएक कळलेलं नाही. आठ चौकटी, संवादांचे आठ फुगे, सगळे कोरे. तुझे दिवस झाल्यावर पद्मानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणून दिलं. म्हणाली, "काका, नान्नांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं, उशीखाली." लेक तुला नान्ना म्हणते हे मी तिच्या जन्मापासून ऐकत आलोय, पण 'ठेवलं होतं' हे शब्द ऐकून मला खुर्ची ओढून बसावं लागलं. संपादकबाईंचे दोन फोन येऊन गेले. मुलांच्या मासिकाचा अंक अडलाय, गुरुवारपर्यंत पान पाहिजे म्हणतात. मी 'देतो, देतो' म्हणतो आणि पुन्हा पान उलटंसुलटं करून बघत बसतो.

एवढं निरखून मी पूर्वी कधी बघितलं होतं का? तू रविवारी पान पुढ्यात टाकायचास आणि तुझ्या ओट्यावर चहा संपेपर्यंत मी फुगे भरून मोकळा व्हायचो. मंडळी पाठच होती. दौलू म्हणजे चादरीच्या कारखानदाराचा लाडावलेला एकुलता एक. त्याच्याकडे सगळं आहे, अक्कल तेवढी बेताची. नरसी, शब्बीर आणि गंगी हे त्याचे दोस्त. त्यांच्याकडे काही नाही आणि डोकं मात्र तल्लख. महिन्याला एक पान, एक फजिती, अशी सव्वीस वर्षं गेली. ज्या मुलांना आपण हसवलं त्यांची मुलं आता हसतात. आणि आज तू नाहीस तर मला साधं हे कळेना की तोंड उघडून उभा असलेला दौलू काय म्हणतोय.

पहिलं पान आठवतं ना? तू तेव्हा कारखान्यात चादरींच्या नक्ष्या काढायचास, ग्राफपेपरवर, एकेक चौकोन भरून. मोर काढायचा तर अर्धाच, कारण उरलेला अर्धा मागावर आपोआप उलटा होऊन येतो. दौलूसुद्धा तू तसाच काढलास. अर्धं डोकं, एक डोळा, अर्धी ढेरी, एक पाय, आणि बाजूला बारीक अक्षरात 'इकडून असंच'. मला वाटलं, छापखान्याला कळत असेल. छापखान्याला वाटलं, आपल्याला तसंच हवं असेल. अंक आला तेव्हा भवानी पेठेतल्या पोरांच्या हातात अर्धा दौलू होता आणि त्याच्या शेजारी छापलेलं 'इकडून असंच'. मी तावातावानं तुझ्याकडे आलो. म्हटलं, "अरे, हे अर्धं आहे म्हणून सांगायचंस तरी." तू पेन्सिलीला टोक काढत म्हणालास, "तू कुटं विचारलास?"

मग मुलांची पत्रं यायला लागली, उरलेला दौलू कुठं गेला म्हणून. एका मुलीनं तर तो स्वतः काढून पाठवला, तोही आपल्या अर्ध्यापेक्षा बारीक. आपण हसून हसून आडवे झालो आणि त्या हसण्याहसण्यात एक गोष्ट ठरून गेली, कुणी बोलून न दाखवता. तू काढायचंस, मी लिहायचं, कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मला ती मोठ्या दोस्तीची खूण वाटायची. शाळेत बाकीच्या मास्तरांना मी ऐटीत सांगायचो की आमचं न बोलता जमतं. आता प्रश्न पडतो, जमत होतं की नुसतं चाललं होतं?

कारण झालं असं. तुझे दिवस झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो. ओट्यावर तुझी नात श्रावणी चार पोरं गोळा करून जुना अंक वाचून दाखवत होती. पंख्याची गोष्ट. उन्हाळ्यात दौलू शाळेत स्वतःचा पंखा घेऊन येतो, घरातून ओढत आणलेली वायर आखूड पडते, मग अख्खा वर्ग बाकांसकट दौलूच्या घरी. माझ्या फुग्यात गंगी म्हणते, "दौलू, पुढच्या वेळी शाळाच जवळ आण." मला तो विनोद अजूनही बरा वाटतो. पण श्रावणी भलतंच काही सांगत होती, तेलुगूत, मधूनमधून मराठीत. माझं तेलुगू कामापुरतं, तरी एवढं कळलं की हे मी लिहिलेलं नाही. मी म्हणालो, "बाळ, तसं नाही गं लिहिलेलं." ती मान वर न करता म्हणाली, "लिहिलेलं खोटं असतंय. खरी गोष्ट ताता सांगायचे."

ताता म्हणजे तू. पद्मा आतून धावत आली, हाताला पीठ तसंच. "काका, लहान हाय वो ती, मनावर घेऊ नका." मी म्हटलं, मनावर कशाला घेऊ, खरी गोष्ट काय ती तरी ऐकू दे मला. तर श्रावणीनं पहिल्या चौकटीवर बोट टेकवलं. दौलूच्या खिशातून कात्रीची दोन टोकं बाहेर आली होती. "वायर त्यानंच कापलीय. शाळा घरी यावी म्हणून. त्याच्या घरी कोण येत नाही खेळायला."

नारायणा, ती कात्री मी आजवर बघितलीच नव्हती. पंखा दिसला, ढेरी दिसली, विनोद सुचला, फुगा भरला. तुझी कुठली रेघ उगीच नसायची, तू ती चौकोन मोजून काढली असणार. आणि मी गंगीचं वाक्य लिहीत होतो तेव्हा तू समोरच बशीत चहा ओतत बसला होतास. वाक्य वाचून तू हसलास, हे मला पक्कं आठवतं. वाक्याला हसलास की मला?

घरी येऊन मी सगळे अंक काढले. बायको म्हणाली, रद्दीवाला आलाय काय. दोन दिवस भिंग घेऊन बसलो आणि दर चार-दोन पानांआड काहीतरी निघतच गेलं. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्याचं पान घे. दौलू अख्ख्या पाळण्याची तिकिटं एकटा घेतो आणि एकटाच वर जाऊन बसतो, दोस्त खाली चिवडा खात उभे. वर त्याचे डोळे मिटलेले. मी फुग्यात लिहिलं होतं, "वा, काय गार हवा आहे!" मला ते मिटलेले डोळे सुखाचे वाटले होते. फोन करून श्रावणीला विचारलं, तर तिनं एका दमात सांगितलं, "घाबरलाय की तो. रडताना कुणी बघू नये म्हणून सगळी तिकिटं घेतलाय."

फोन ठेवला आणि मला आठवलं. पन्नासाहून जास्त वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. सिद्धेश्वराची यात्रा, आपण नऊ-दहा वर्षांचे, आमच्या पेढीवरच्या दिवाणजींनी आपल्या दोघांना मोठ्या पाळण्यात बसवलं होतं. पाळणा वर जाऊन थांबला आणि मी भोकाड पसरलं. खाली उतरल्यावर दिवाणजींनी विचारलं, "डोळे का लाल रे?" मी काही बोलायच्या आत तू म्हणालास, "धूळ गेली, दोघांच्या बी डोळ्यात," आणि स्वतःचे डोळे चोळायला लागलास. चोळून चोळून खरंच लाल केलेस. मी त्याबद्दल तुला कधी काही म्हटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दौलू म्हणजे मी, हे मला पहिल्या पानापासून ठाऊक होतं. आमची सुताची पेढी, तुमच्या घरात दोन माग आणि त्यांच्या मधे झोपणारी आठ माणसं. वर्गात रंगीत खडूंचा डबा फक्त माझ्याकडे. मी पेढी भावावर सोडून मास्तर झालो तरी तुझ्या लेखी मी शेठजींचा रेवणच राहणार, असं मी धरून चाललो होतो. तू माझी फिरकी घेतोयस, तर मग आपणच आपली जास्त टर उडवावी, म्हणजे नारायणाला उडवायला काही शिल्लक राहणार नाही. म्हणून दौलूच्या तोंडी मी निवडून निवडून बावळट वाक्यं घातली. हा माझा मोठेपणा असंही मला वाटायचं, लाज वाटते सांगायला. आणि तू तिकडे त्याच्या खिशात कात्री ठेवत होतास, त्याचे डोळे मिटत होतास, एका पानात तर जिन्याखाली तो तिघांच्या चपला जोडीनं लावून ठेवताना दाखवलायस. तिथं मी लिहिलं होतं, "माझी नवी चप्पल कुठंय?" तू मला हसतच नव्हतास. मग इतकी वर्षं मी कुणाला हसत होतो?

हे लिहिलं आणि लगेच उलटं वाटायला लागलं. कदाचित तू दौलू-बिलू काही मनात धरून काढतच नसशील. कात्री म्हणजे नुसती कात्री असेल आणि बाकीचं सगळं नातीला गप्प बसवायला रचलेलं असेल. मी पद्माला विचारलं, "खरं सांग, नान्नांना माझं लिहिणं आवडायचं का गं?"

"आवडायचं की. अंक आला की मोठ्यानं वाचायचे. शेजारच्यांना बोलवून."

"मग पोरांना वेगळंच का सांगायचे?"

"ते पोरांसाठी."

"आणि माझं?"

पद्मा उठली. "ते तुमच्यासाठी असंल, काका," म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली. याचा अर्थ मी अजून लावतोय.

कधीकधी तुझा भयंकर राग येतो. एका शब्दानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? 'रेवण्णा, त्याचे डोळे बघ.' बस, एवढंच. तुझं उत्तर मला ठाऊक आहे, मी कुठं विचारलं होतं. नाहीच विचारलं. चौतीस वर्षं वर्गात उभा राहून मुलांना सांगत होतो, कळलं नाही तर विचारा, आणि स्वतःला कळत नाही हेच मला कळलं नव्हतं. पण मग असंही वाटतं की तू माझा चुकीचा विनोद दर महिन्याला घरात मोठ्यानं वाचत होतास, शेजाऱ्यांना बोलवून. असं कोण कुणासाठी करतं? राग तिथं येऊन अडतो, पुढं जात नाही.

आपली खडाजंगी व्हायची ती फुग्यांवरून, दर महिन्याला, ठरल्यासारखी. तुझा फुगा बोराएवढा, माझं वाक्य हातभर. "फुगा मोठा काढ की." "तू कमी बोल की." शेवटी मी फुगा वाढवायचो आणि तू तोंड फिरवायचास. पण दिवाळीनंतरच्या त्या पानात मी गंगीचा फुगा वाढवत वाढवत तिच्याच चेहऱ्यावर नेला. नाक, डोळे, सगळं गडप. तू पान हातात घेतलंस आणि तुझा आवाज चढला, जो मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "तोंड झाकलास पोरीचं."

मी म्हणालो, "ती काय बोलते ते महत्त्वाचं. नाक कुणाला बघायचंय?"

"मग चित्र तरी कशाला पायजे तुला, रेवण्णा? नुसतं बोलत बस की."

मी चहा तसाच ठेवून उठलो. पाच रविवार आलो नाही. तुला बरं नाही हे कानावर आलं होतं, नाही असं नाही. म्हटलं, आधी त्यानं फोन करावा. सहाव्या रविवारी फोन आला तो पद्माचा. चित्रातल्या एका नाकावरून मी माझ्या मित्राला शेवटचं भेटलो नाही. हे मी बायकोलासुद्धा अजून सांगितलेलं नाही.

आणि आता हे पान. बाकीचं राहू दे, मला आधी हे सांग की यातले फुगे एवढे मोठे का? निम्मी चौकट फुग्यानंच व्यापलीय, माणसं खाली दाटीवाटीनं उभी. तू माघार घेतलीस म्हणून? की 'घे, बोल किती बोलायचंय ते' म्हणून दातओठ खात काढलेस? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. रेघ थरथरली आहे. ती रागानं की अशक्तपणानं, तेही मला सांगता येत नाही.

गोष्ट मला दिसते ती अशी. दौलू ट्रंक घेऊन दारात उभा आहे. दोस्त लगोरी खेळतायत. काहीतरी बोलणं होतं. ट्रंक उघडतात तर आत नुसती उशी. मग तिघं ट्रंकेवर चढून बसतात आणि दौलू कडी धरून ओढतोय. आठव्या चौकटीत ट्रंक गल्लीत एकटीच. दौलू नाही, दोस्त नाहीत. फुगा मात्र आहे, सगळ्यांत मोठा, आणि त्याची शेपटी चौकटीची रेघ ओलांडून बाहेर गेलीय. बोलणारं कुणीच दिसत नाही. पूर्वी मी दोन मिनिटांत काहीतरी खरडलं असतं. आताही रफ कागदावर दोनदा विनोद लिहिले आणि दोन्ही कागद फाडले. श्रावणीला विचारलं, ही गोष्ट तातांनी सांगितली होती का. म्हणाली, "नाही. तवर त्यांचा आवाज बसला होता."

इथवर लिहून पत्र मिटून ठेवलं होतं, पुढचं आज गुरुवारी लिहितोय. काल बुधवारी दुपारी पान घेऊन तुझ्या ओट्यावर आलो. तुझ्या जागेवर बसलो नाही, आपल्याच जागेवर बसलो. श्रावणीनं पोरांना हाळी दिली. मी म्हटलं, "कोण काय म्हणतंय ते सांगा. मी नुसतं लिहून घेणार, एक अक्षर घालणार नाही." त्यांचा विश्वास बसेना, पण दौलूच्या फुग्यापासून सुरू झाले.

"मी चाललो."

"जा की."

"आत काय हाय बे?"

"उशी."

"उशी कशाला?"

"तिकडं मिळत नाय."

"आता ने बघू."

सात फुगे भरले. त्या अवाढव्य फुग्यांत ती इवली वाक्यं कोपऱ्यात बसल्यासारखी दिसत होती. माझा हात शिवशिवत होता, पण दिलेला शब्द पाळला. 'तिकडं मिळत नाय' हे लिहिताना मात्र मला चष्मा पुसावा लागला. पोरांनी विचारलं नाही का ते.

आठव्या चौकटीवर त्यांची जुंपली. एक म्हणे सगळे ट्रंकेत लपलेत, दुसरा म्हणे लगोरी खेळायला पळाले, ट्रंक विसरली. श्रावणीनं पान ओढून घेतलं, शेपटीवरून बोट फिरवत चौकटीबाहेर आणलं, कागदाच्या कडेपर्यंत नेलं आणि वर बघितलं. मग पान माझ्याकडे सरकवलं.

"ह्यात तुम्ही लिहा."

"मी कशाला? मला नाही कळत यातलं."

"शेपूट बाहेर गेलंय. बाहेर तुम्हीच बसलाय की."

एवढा मोठा फुगा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. अख्खा परिच्छेद मावला असता. पेन टेकवलं, पुन्हा उचललं. तुला विचारावंसं वाटलं, तूच सांग, यात काय लिहू. पद्मा दारात चहा घेऊन उभी राहिली होती, पोरं पानावर वाकली होती. शेवटी मी लिहिलं, 'थांब की रे.' बस, तेवढंच. बाकीचा फुगा पांढराच राहिला.

आज सकाळी पान पाठवलं. दुपारी संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "मास्तर, पान सुरेख आहे, पण शेवटचा फुगा फार मोकळा दिसतोय. काही लिहायचं राहिलंय का?"

मी म्हणालो, "राहिलंय की. लई राहिलंय. असू दे, असंच छापा."